घरच्या ध्वनिमुद्रणाचे मास्टरिंग करताना आवाज किती दाबावा?

तंबोरा (गंगापूर रोड, नाशिक):
घरच्या खोलीत अभंग आणि भावगीते ध्वनिमुद्रित करणारे आपल्यातील अनेक जण मास्टरिंगच्या, म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या, टप्प्यावर एकच ध्यास घेतात, तो म्हणजे आपले गाणे इतरांच्या गाण्याइतके मोठे वाजले पाहिजे. या ध्यासाला माझा ठाम विरोध आहे. स्पॉटिफाय मूळ सेटिंगनुसार प्रत्येक गाण्याची सरासरी पातळी −१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे एकक; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितके गाणे मोठे) आसपास आणते. त्यामुळे लिमिटरने (ठरलेल्या मर्यादेवर आवाज रोखणाऱ्या साधनाने) −९ पर्यंत चढवलेले गाणे तेथे ५ डेसिबलने खाली ओढले जाते, आणि मोठेपणा गेल्यावर मागे उरतो तो फक्त दाब, म्हणजे मोठ्या-लहान आवाजांतील कमी झालेला फरक. अंतऱ्यात मोकळा सुटलेला आणि ध्रुवपदावर येताना सावरलेला गळा, तबल्याच्या चाटेवरचा लखलखीत ‘ना’, हे सारे त्या दाबाखाली सपाट होते. कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज खाली दाबून चढउतार कमी करणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे दाब लागू होण्याचा वेळ, १-२ मिलिसेकंद ठेवला तर ‘ना’ची धार बोथट होते, २०-३० मिलिसेकंद ठेवला तर ती धार सुटून जाते आणि दाब त्यानंतर येतो. माझ्या मते गुणोत्तर १.५:१ असावे (मर्यादेच्या वर १.५ डेसिबल गेलेला आवाज १ डेसिबलच वर राहावा), दाब २ डेसिबलपेक्षा अधिक नसावा आणि लिमिटर केवळ शिखरे −१ डेसिबलच्या वर जाऊ नयेत एवढ्यासाठी असावा, कारण एमपीथ्रीसारख्या स्वरूपात रूपांतर होताना शिखरे थोडी वाढू शकतात.

द्वारका चौफुली:
आपण श्रोता स्पॉटिफायवरच ऐकतो असे गृहीत धरले आहे. आपल्याकडे अभंग सर्वांत आधी पोहोचतो तो नातेवाइकांच्या आणि भजनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात, जेथे पातळी समान करणारे कोणी नसते. यूट्यूब मोठे गाणे खाली आणते, पण शांत गाणे सहसा वर उचलत नाही. म्हणून −२० वर सोडलेले गाणे तेथे दुबळेच वाजते आणि श्रोता ते पूर्ण न ऐकता पुढे जातो. सिटीलिंकच्या बसमध्ये साध्या इअरफोनवर ऐकणाऱ्याला आलापाचा हलका भाग ऐकूच येत नसेल, तर तो चढउतार आपण कोणासाठी जपतो आहोत? गायनाच्या ट्रॅकवर ३:१ गुणोत्तराने दाब द्यावा, मास्टरवर कॉम्प्रेसर आणि लिमिटर यांनी प्रत्येकी थोडे काम करावे आणि गाणे −१२ पर्यंत न्यावे. यात गाण्याचा अपमान नाही, श्रोत्याचा विचार आहे.

तंबोरा:
श्रोत्याचा विचार मलाही मान्य आहे. परंतु व्यावसायिक स्टुडिओचे आकडे घरच्या मुद्रणाला लावता येत नाहीत. स्टुडिओतील शांतता खरोखर शांत असते. आपल्या खोलीत पंखा असतो, खालच्या रस्त्यावर रिक्षा असतात. गळा ४ डेसिबलने दाबून नंतर पातळी ४ डेसिबलने वर उचलली, की दोन ओळींमधील पंख्याची घरघरही तेवढीच वर येते आणि प्रत्येक ओळ संपताच ती फुगल्यासारखी जाणवते. अभंगात अशा मोकळ्या जागा पुष्कळ असतात.

सिडको, तिसरा मजला:
आपण दोघेही लिमिटरवर भांडत आहात, पण खरी चूक त्याआधीच, इक्वलायझरवर (खालचे-वरचे सूर कमी-अधिक करणाऱ्या साधनावर) होते. दहा फूट अंतरावरील दोन समांतर भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा स्थिर तरंग तयार होतो आणि खोलीच्या मध्यभागी तो सर्वांत क्षीण ऐकू येतो. तेथे बसून काम करणाऱ्याला डग्गा कमी वाटतो, म्हणून तो खालचे सूर वाढवतो. मग दुसऱ्या घरी तेच गाणे घुमते आणि त्या वाढलेल्या खर्जामुळे कॉम्प्रेसर प्रत्येक घिश्शाला गळाही खाली दाबतो. यावर उपाय म्हणजे खुर्ची मध्यभागातून हलवावी आणि ३० हर्ट्झखालचा भाग काढावा. मात्र ‘गढूळपणा’ म्हणून २०० ते ४०० हर्ट्झचा पट्टा सरसकट कापू नये, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर डग्ग्याचा मूळ सूर जवळजवळ पोहोचतच नाही आणि तो ओळखू येतो तो याच पट्ट्यातील उपस्वरांमुळे (मूळ सुरासोबत उमटणाऱ्या वरच्या सुरांमुळे).

द्वारका चौफुली:
खुर्चीचा मुद्दा रास्त आहे, पण रात्री भाड्याच्या घरात हेडफोनवर काम करणाऱ्याला तो लागू पडत नाही. पंख्याचे म्हणाल तर तो मुद्रणाच्या वेळी बंद करता येतो. त्यासाठी कॉम्प्रेसरला दोष देणे मला पटत नाही.

तंबोरा:
नाशिकच्या मे महिन्यात बंद खोलीत पंख्याविना गाणाऱ्या गायिकेचा श्वास किती टिकतो, याचाही विचार व्हावा. तरीही वाद केवळ आकड्यांवर सोडायला नको. मोठा आवाज कानाला सहसा अधिक चांगला वाटतो, म्हणून आपली −१२ ची आणि माझी −१६ ची प्रत दोन्ही −१६ वर आणून, कोणती कोणाची हे न सांगता ऐकवावी.

द्वारका चौफुली:
ही चाचणी मला मान्य आहे. फक्त ती स्टुडिओच्या मॉनिटर स्पीकरवर नव्हे, तर मोबाइलवर आणि रहदारीच्या आवाजात झाली पाहिजे.