बडोदा : सात वर्षांच्या मुलीसाठी नृत्याचा क्लास कसा पारखावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही बडोद्यात मांजलपूरला राहतो. मुलगी सात वर्षांची आहे, यंदा दुसरीत गेली. नाच शिकायचा हट्ट तिचा स्वतःचा आहे, आमचा नाही. गेल्या नवरात्रात सोसायटीच्या गरब्यात शेवटच्या आरतीपर्यंत थांबली आणि दुसऱ्या दिवशी बाबांना तीन टाळीचा गरबा शिकवत बसली. तेव्हापासून "आई, मला क्लास लाव" चालू आहे. घरात नाच कुणीच शिकलेलं नाही. गाणं असतं तर सूर लागला की नाही एवढं तरी कळलं असतं. नाचात मात्र चांगलं शिकवणं कुठलं आणि नुसतं छान दिसणं कुठलं, हे मला ओळखता येत नाही. मदत हवी आहे ती नेमकी इथे.

बरेच क्लास पाहून झाले. त्यातल्या दोघांत अडकले आहे.

पहिला घराजवळचा, चालत जाण्यासारखा. मोठा स्टुडिओ आहे, तीन भिंतींना आरसे, एसी, रिसेप्शन. बॉलीवूड, हिपहॉप, 'सेमी-क्लासिकल' असं सगळं शिकवतात. मुलं खुशीत असतात, हे मी मनापासून सांगते. पण मी गेले त्या दिवशी पूर्ण तासभर एकाच गाण्याचं एकच कडवं चालू होतं, वार्षिक कार्यक्रमासाठी. पुढच्या रांगेतल्या मुलींना स्टेप येत होती, मागच्या रांगेतल्या त्यांच्याकडे बघून अर्धा ठोका उशिराने हात उचलत होत्या. मागे कुणी गेलंच नाही. तीन महिन्यांची फी आगाऊ, क्लास सोडला तर परत नाही, आणि कार्यक्रमाच्या ड्रेसचे पैसे वेगळे. किती ते विचारलं तर "तेव्हा ठरेल". आत बसून बघता येईल का, यावर "पहिल्या दिवशीच, नंतर पालक बाहेर" असं उत्तर मिळालं.

दुसरा दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर, भरतनाट्यमचा. मोजक्याच मुली. बाई जमिनीवर बसून लाकडी पट्टीवर ताल देत होत्या आणि तोंडाने "तेय्या तेई" म्हणत होत्या. सगळ्या मुली पहिलाच तट्टडवू (पाय आपटण्याचा पहिला धडा) करत होत्या, आधी संथ, मग दुप्पट, मग चौपट. चौपटीला एक लहानशी मुलगी डगमगायला लागली. बाईंनी ताल थांबवला, उठून तिच्याजवळ गेल्या, तिच्या मांड्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "गुडघा ओढून बाहेर नेऊ नको, इथून, खुब्यातून उघड. नाही उघडत ना? मग थोडी कमी बस." आणि तिला सगळ्यांपेक्षा उंच अरमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) बसवून पुन्हा संथ लयीपासून सुरुवात केली. बाकीच्या मुलींनीही तिच्याबरोबर संथ केलं. मला नाचातलं कळत नसलं तरी हे पाहून बरं वाटलं. घुंगरांचं विचारलं तर म्हणाल्या, पाय बसल्याशिवाय नाही, वर्ष लागेल, कदाचित जास्त. पालक केव्हाही येऊन दाराशी बसू शकतात.

मग अडचण कुठे आहे? एक तर अंतर. संध्याकाळी लालबाग, राजमहाल रोडवरून दांडिया बाजारात पोहोचायचं आणि तिथे गाडी लावायची, हे बडोदेकरांना सांगायला नको. दुसरं म्हणजे फरशी. माडीवर शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर मुली अनवाणी पाय आपटतात. घराजवळच्या स्टुडिओत लाकडी जमीन आहे, पाय टाकला की किंचित दबते. वाढत्या वयात कडक जमिनीवर रोज ठोके दिले तर टाचा आणि गुडघे दुखतात, असं एका ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी सांगितलं. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, एवढ्यानेही फरक पडतो का? दगडी फरशीवर शिकलेल्यांनी कृपया सांगा. शिकवणं उत्तम आणि जमीन कडक, की जमीन चांगली आणि शिकवणं वरवरचं, असा पेच आहे. बाईंना जाजम किंवा रबरी चटई घालायला सुचवावं का? की त्यावर पाय अडखळतो?

नवऱ्याचं म्हणणं, सात वर्षांच्या मुलीला आधी मजा येऊ दे, शास्त्रीय नंतर बघू. त्याचं अगदीच चुकीचं नाही. पण हाताच्या आणि पायाच्या सवयी याच वयात बसतात ना? वाकडा गुडघा तीन वर्षं पक्का झाला तर दहाव्या वर्षी तो कोण सरळ करणार?

सासूबाईंचा कल भरतनाट्यमकडे आहे, आणि त्यामागे या गावाचा अभिमान आहे. 1880 मध्ये तंजावरच्या राजकन्या लक्ष्मीबाई महाराज सयाजीराव गायकवाडांच्या राणी चिमणाबाई होऊन आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्यात आले. पुढे त्याच परंपरेतल्या कुबेरनाथ तांजोरकरांनी इथल्या विद्यापीठात पिढ्या शिकवल्या. सूरसागराजवळचं संगीत महाविद्यालय तर 1886 मध्ये गायक मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेल्या गायनशाळेतून वाढलेलं. आपण मराठी माणसं इथे असण्याच्या कारणाशीच हा नाच जोडलेला आहे, असं त्या म्हणतात, आणि मलाही ते मनापासून पटतं. मात्र मुलीला गिरक्या आवडतात, घरभर फिरत असते, म्हणून कथक बरं पडेल का असंही डोक्यात येतं. कथकात अरमंडीसारखं सतत वाकून बसणं नाही, उभ्याने तत्कार (पायांचे तालबद्ध ठोके) असतो, त्यामुळे गुडघ्यांवरचा ताण वेगळा. या वयाच्या मुलांना दोन्ही दाखवून कुणी निवड करू दिली आहे का? तुम्ही कसं ठरवलंत?

परीक्षांबद्दलही विचारायचं आहे. दांडिया बाजारच्या बाई गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बसवतात. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण असं करत विशारद पूर्णपर्यंत सात पायऱ्या. दरवर्षी एक परीक्षा दिलीच पाहिजे असं काही क्लासवाले सांगतात. या बाई म्हणाल्या, तयार झाली की बसवीन, घाई नाही. मला हे दुसरं आवडलं. पण मुलं परीक्षेशिवाय कंटाळतात का? आणि अरंगेत्रमचा (शिष्याच्या पहिल्या पूर्ण एकल कार्यक्रमाचा) खर्च पुढे अंगावर येतो, हॉल, साथीदार, पोशाख मिळून लाखांच्या घरात जातो, असं ऐकते. न करताही चांगलं शिकता येतंच ना? प्रवेश घेतानाच हे बोलून ठेवावं, की गुरूंना ते वाईट दिसेल?

ज्यांची मुलं किंवा तुम्ही स्वतः शिकला आहात, त्यांच्याकडून एवढं हवं आहे : तासाभराच्या बसण्यात आईबापांनी काय बघावं? मी मागच्या रांगेकडे बघत होते, कारण पुढच्या रांगेतल्या मुली कुठेही चांगल्याच दिसतात. याशिवाय कशावर नजर ठेवावी? दुखलं तर मुलगी बाईंना सांगू शकेल का, हे कसं ओळखावं? आणि मुलं एकटी असताना आत कोण असतं, कपडे बदलायची सोय कुठे, घ्यायला कोण आलं हे कोण बघतं, हे विचारलं तर काही क्लासवाले चेहरा पाडतात; तरीही मी विचारणारच आहे. तुम्ही अजून काय विचारता?

मांजलपूर, मकरपुरा, तरसाली भागात मुळाक्षरांपासून नीट शिकवणारा भरतनाट्यमचा किंवा कथकचा क्लास कुणाच्या पाहण्यात असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नाव-पत्ता नको. शिकवणी गुजरातीत असली तरी चालेल, मुलीला दोन्ही भाषा येतात. दांडिया बाजारच्या बाईंनी पुढच्या सोमवारपर्यंत जागा धरून ठेवली आहे, त्याआधी उत्तरं आली तर फार बरं होईल. निदान फरशीचं तरी नक्की सांगा.