ऑलिंपिक नॅशनल पार्क: सहा दिवसांचा गाइडेड ट्रेक, अर्धा समुद्रकिनारा, अर्धा डोंगर. कोणी केलाय का?

सिंहगडवाली

नमस्कार मंडळी,

सध्या लेकीकडे रेडमंडला (सिअ‍ॅटलजवळ) आले आहे, सप्टेंबरअखेरपर्यंत मुक्काम आहे. वय ५७. गेली अकरा वर्षं दर रविवारी सिंहगड, करोनाचे महिने सोडले तर खंड नाही. सह्याद्रीत हरिश्चंद्रगड, रतनगड, राजगड-तोरणा झालंय. हिमालयात सारपास आणि हर की दून.

लेक आणि जावई मला एक गाइडेड ट्रेक भेट देणार म्हणतात. पहिले तीन दिवस थर्ड बीचवरून किनाऱ्याकिनाऱ्याने टोलीक पॉइंटपर्यंत जाऊन परत, मग गाडीने डोंगरातल्या सोल डकला, आणि पुढचे तीन दिवस हाय डिव्हाइड या डोंगरधारेचा लूप. तंबूत राहायचं. दोघांना सुट्टी नाही, म्हणजे मी एकटीच अनोळखी लोकांबरोबर जाणार.

उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो, पण पट्टा लावला की चालतो. इंग्रजीची अडचण नाही. पण काही गोष्टी कळत नाहीत. इथे खेचरं असतात का, की सॅक आपणच वाहायची? मी पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही, तर सहा दिवस जेवणाचं काय? अस्वलांचं कितपत मनावर घ्यायचं? आणि खरं सांगायचं तर, डोंगरात गाइड समजू शकते, पण समुद्र एका हाताला ठेवून सरळ चालायचं, त्याला गाइड कशाला? लेकीचे पैसे उगाच जाऊ नयेत एवढंच मनात आहे.

खाडीकाठचा

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्या ट्रेकमध्ये सगळ्यात जास्त कस लागतो तो किनाऱ्यावरच. मी टॅकोमाला राहतो, मूळचा गुहागरकडचा. हाच सहा दिवसांचा ट्रेक मी गेल्या ऑगस्टमध्ये गाइडबरोबर केला. त्याआधी किनाऱ्याचा भाग दोनदा मित्रांबरोबर.

समुद्र एका हाताला ठेवून सरळ चालता येत नाही. मध्ये मध्ये डोंगराची सोंडच पाण्यात उतरलेली असते. काही टोकं अशी की पाणी कितीही ओसरलं तरी खालून वाट नाही. थर्ड बीच संपल्यावरचा टेलर पॉइंट त्यातला. तिथे दोर धरून, मातीत बसवलेल्या लाकडी पायऱ्यांच्या शिडीने वर जंगलात चढायचं आणि पलीकडे तसंच उतरायचं. ओल्या मातीत ती शिडी म्हणजे आपल्याकडचा जुलैमधला रॉक पॅच समजा. वर जायची जागा लांबून दिसावी म्हणून झाडावर मोठी गोल खूण लावलेली असते. बाकीची टोकं ओहोटीत खालून पार होतात, पण नकाशावर प्रत्येकापुढे आकडा लिहिलेला असतो: पाणी इतक्या फुटांच्या खाली असेल तरच. चुकीच्या वेळी शिरलात तर पुढे पाणी, मागे पाणी आणि बाजूला कडा.

आता जे झालं ते सांगतो. आमच्या आजोबांनी मला लहानपणी शिकवलं होतं, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. कोकणातल्या बहुतेकांना हा हिशेब माहीत असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टोलीकहून परत निघालो, त्या दिवशी चतुर्थी होती. चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. गाइडच्या कागदावर ८:५० लिहिलं होतं. दोन्ही जुळलं म्हणून मीही निर्धास्त. वाटेतलं एक टोक ओहोटीच्या दोन तास आधीपासून पार करता येतं म्हणून आम्ही बरोबर सातला तिथे हजर. वरून दोराची वाट होती, पण रात्रभर पाऊस झाल्याने तिथे नुसता राडा होता, म्हणून खालूनच जायचं ठरलेलं.

पाहतो तर पाणी अजून खडकाला थडकतंय. ग्रूपमधला एकजण गुडघाभर पाण्यात उतरलासुद्धा. तेवढ्यात एक लाट आली आणि त्याच्या डावीकडे वाळूत पडलेला ओंडका उचलला गेला. ओंडका म्हणजे आपल्याकडचा नारळाचा खोड नव्हे, एसटीएवढा लांब आणि माझ्या छातीएवढा जाड. दोन फूट पाण्यात तो बाटलीच्या बुचासारखा हलका झाला, अर्धा वळला आणि पुन्हा बसला. माणूस तेवढ्यात मागे आला, ओंडका पायावर बसला असता तर पायच गेला असता. मी खडकाकडे पाहिलं. ओल्या खडकावर कोरडं व्हायला लागलेला पट्टा जेमतेम वीतभर होता. म्हणजे पाणी उतरायला लागून फार वेळ झाला नव्हता. मी गाइडला म्हटलं, तुमची वेळ चुकतेय. पोरगी चोविशीची असेल, पण तिने एका शब्दाने वाद घातला नाही. कागद काढला, नीट वाचला आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी. तक्ता प्रमाणवेळेत छापलेला होता. उन्हाळ्यात इथे घड्याळ एक तास पुढे करतात, तो तास त्यात मिळवायचा राहिला होता. आजोबांच्या हिशेबालाही तो तास कुठून ठाऊक असणार! घड्याळ पुढे करतात, समुद्र नाही करत. ओहोटी ९:५० ला होती. आम्ही तासभर वर सुक्या ओंडक्यांवर बसून चहा केला आणि आठनंतर आरामात पार झालो.

कंपनीचं नाव सांगत नाही, कारण एरवी त्यांचं काम चोख होतं आणि त्यानंतर तिने प्रत्येक वेळ दोनदा तपासली. पण तुम्ही गेलात तर पहिल्याच दिवशी विचारा, की तक्त्यात उन्हाळ्याचा तास धरलाय का. कोणी वाईट वाटून घेणार नाही.

अजून एक. आपला तिथीचा हिशेब इथे वेळेला जवळपास जुळतो, पण उंचीला मुळीच नाही. इथे दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. उन्हाळ्यात उधाणाच्या दिवसांत सकाळची ओहोटी शून्याच्याही खाली जाते आणि संध्याकाळची दोन-तीन फुटांवरच थांबते. सकाळी कोरड्या पायाने पार केलेलं टोक संध्याकाळच्या ओहोटीत बंद असू शकतं. म्हणून भल्या सकाळी उठवतात, त्याला कंटाळू नका.

आता ओझं. खेचरं नाहीत, आचारी नाही, जेवणाचा वेगळा तंबू नाही. सारपासला मोठी सॅक खेचरावर टाकून आपण पाण्याची बाटली घेऊन चालतो, तसलं काही इथे नाही. पार्कमध्ये एका ग्रूपला जास्तीत जास्त १२ माणसं, गाइड धरून. तंबू, स्लीपिंग बॅग, स्वतःचं सामान आणि सामायिक शिध्यातला वाटा, सगळं आपल्या पाठीवर. माझी सॅक निघताना १७ किलो होती. तुमचा स्टॅमिना आहेच, पण सिंहगडला तुम्ही किती वजन घेऊन चढता ते मला कळवा. माझ्या मते हाच तुमच्यासाठी खरा प्रश्न आहे, वय नाही आणि गुडघाही नाही.

डोंगराचा भाग त्यामानाने सरळ आहे. लूप साधारण १९ मैल, म्हणजे ३० किलोमीटर. सुरुवात ६०० मीटरच्या आसपास आणि सगळ्यात वरची वाट कळसूबाईच्या उंचीलाच. उंचीचा त्रास होत नाही. पण आपण ४८ अक्षांशावर आहोत, त्यामुळे त्या उंचीला झाडं संपतात आणि जुलैमध्येसुद्धा बर्फ सापडतो. हाय डिव्हाइडच्या धारेवर उभं राहिलं की खाली हो (Hoh) नदीचं खोरं आणि समोर माउंट ऑलिंपस, २,४३२ मीटर फक्त, पण अंगावर हिमनद्या. मी तिथे पाऊण तास नुसता उभा होतो. पाठीमागे सात तळ्यांचं खोरं, त्यातल्या एका तळ्याकाठी दोन काळी अस्वलं बेरी खात होती, आमच्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. मार्मोट (डोंगरातला खारीच्या जातीचा मोठा प्राणी) शिट्टी वाजवतो तेव्हा आधी वाटतं माणूसच बोलावतोय.

अस्वलांबद्दल: इथे फक्त काळं अस्वल आहे, ग्रिझली (मोठं तपकिरी अस्वल) नाही. ते माणसाच्या मागे लागत नाही, खाण्याच्या मागे लागतं. म्हणून शिधा जाड प्लास्टिकच्या गोल डब्यात ठेवायचा, ज्याचं झाकण तुम्हालासुद्धा नाण्याने उघडावं लागतं. किनाऱ्यावर तो डबा सक्तीचा आहे, आणि तिथे अस्वलापेक्षा जास्त रॅकून या मांजराएवढ्या चोरट्या प्राण्यासाठी. टूथपेस्ट, क्रीम, गुडघ्याला लावायचं मलम, वास येणारं सगळं रात्री त्या डब्यात, तंबूत काही नाही.

बेलव्ह्यूची मावशी

खाडीकाठचा यांनी ओहोटीचं फार छान समजावलं. मी जेवणाचं सांगते, मी शाकाहारी आहे आणि दोनदा अशी गेले आहे.

बुकिंग करतानाच लेखी कळवा: मांस, मासे, अंडं, जिलेटिन नाही. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं की अंडं असतंच. तरी आपलं काहीतरी बरोबर हवं. मी मेतकूट, भाजलेलं सातूचं पीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू आणि एका पिशवीत कोरडं पिठलं (बेसन फोडणीत परतून, तिखट-मीठ घालून) नेते. गरम पाणी घातलं की पाच मिनिटांत पिठलं. शेवटच्या रात्री गाइडनेसुद्धा मागून घेतलं. पाणी ओढ्यांचं, किनाऱ्यावर ते चहासारखं तांबूस असतं. पानांचा आणि सालीचा रंग आहे तो, घाण नाही, पण फिल्टरने गाळल्याशिवाय पिऊ नका.

शौचाची सोय मोठ्या तळांवर आहे, उघड्यावरचा लाकडी खोका. बाकी ठिकाणी वीतभर खड्डा खणून. कागद परत आणायचा.

पाऊस आपल्यासारखा नसतो. हो नदीच्या रेन फॉरेस्टला वर्षाला साडेतीन मीटर पडतो, महाबळेश्वरला त्याहून जास्त. पण आपला पाऊस कोमट, भिजलं तरी चालतं. इथे १० अंशांत भिजलात तर दात वाजायला लागतात. सुती कपडा एकही नको, ओढणीसुद्धा नको.

आणि सहा दिवस जड वाटले तर ओझेटचा त्रिकोण एका दिवसात होतो, साधारण १५ किलोमीटर. जंगलातून लाकडी फळ्यांची वाट, मग केप अलावा, मग किनाऱ्याने सँड पॉइंट. वाटेत खडकांवर मका (Makah) या इथल्या मूळनिवासी लोकांनी कोरलेली चित्रं आहेत, व्हेल आणि माणसांचे चेहरे. ओहोटी तिथेही बघावी लागते. तिथलं मका लोकांचं गाव काही शतकांपूर्वी दरडीखाली गाडलं गेलं. १९७० मध्ये वादळाने किनारा खचला आणि घरं, टोपल्या, हत्यारं जशीच्या तशी वर आली. ते सगळं आता त्यांच्याच निआ बे गावातल्या संग्रहालयात आहे. मला एक विणलेली टोपली बघून रडू आलं, आमच्या आजीच्या दुरडीसारखी होती.

सिंहगडवाली

दोघांचेही मनापासून आभार. प्रमाणवेळेचं वाचून अंगावर काटा आला. वजनाबद्दल विचारलंत, तर सिंहगडला माझ्या पाठीवर फार तर तीन किलो असतात. १७ ऐकून धस्स झालं. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याची बॅच आहे, म्हणजे हातात सात आठवडे. होईल का? खोटा धीर देऊ नका.

खाडीकाठचा

ताई, तीनवरून १७ वर सात आठवड्यांत जाऊ नका, गुडघा बोलेल. दोन्ही बाजूंनी काम करा. आधी वजन कमी करा: हलका तंबू आणि स्लीपिंग बॅग बहुतेक कंपन्या देतात, तेच घ्या, आणि विचारा की सामायिक शिध्यातला तुमचा वाटा कमी करता येईल का. आमच्यातल्या एका बाईंचा केला होता, त्यांची सॅक १२ किलोची होती. चौथ्या दिवशी गाडीजवळ याल तेव्हा डोंगराचा शिधा तिथे मिळेल, म्हणजे एका वेळी तीनच दिवसांचं खाणं पाठीवर असतं.

आणि सराव माउंट सायवर. रेडमंडहून अर्ध्या-पाऊण तासावर, जाऊन-येऊन ८ मैल, चढ साडेनऊशे मीटर. पहिल्या आठवड्यात पाच किलो, मग दर आठवड्याला एक-दीड किलो वाढवा. वजन पाण्याच्या बाटल्यांचं घ्या. चढताना भरलेल्या, आणि माथ्यावर निम्मं पाणी ओतून टाका म्हणजे उतरताना गुडघ्यावर भार येणार नाही. दोन काठ्या हव्यातच. पाचव्या आठवड्यात दहा किलो घेऊन चढून आल्यावर गुडघा सुजला, तर डोंगराचा भाग रद्द करून फक्त किनाऱ्याचे तीन दिवस करा. चढ-उतार कमी, आणि ओहोटी बघत चालायची मजा पूर्ण मिळेल.

मी येत्या शनिवारी सकाळी साडेसहाला सायच्या पायथ्याला आहे, बायकोही येते आहे. लेकीला सोडायला सांगा. माझा अस्वलाचा डबा घेऊन येतो, तो तुम्ही सप्टेंबरपर्यंत ठेवा. घरी एकदा तीन दिवसांचं पिठलं-लाडू भरून बघा, झाकण लागतं का ते.

सिंहगडवाली

लेकीला विचारलं, ती सोडते म्हणाली. साडेसहाला येते. तुमच्या दोघांसाठी थालीपीठं आणते.