शब्दचर्चा : ‘ऊद लावणे’ चूक का?

चाफेकळी :
एका दिवाळी अंकासाठी लिहिलेल्या लेखात माझे वाक्य होते, ‘कामावर निघताना मी रोज ऊद लावते.’ संपादकांनी ते ‘ऊद जाळते’ असे दुरुस्त करून परत पाठवले आहे. माझा ऊद निखाऱ्यावर टाकायचा नाही. आसामात होणाऱ्या अगरच्या झाडाच्या लाकडातून काढलेले ते दाट, तपकिरी तेल असते आणि काचेच्या काडीने त्याचा एखादाच थेंब मनगटावर टेकवायचा असतो. लाकूड ऊर्ध्वपातनाआधी बरेच दिवस पाण्यात भिजत ठेवतात, त्यामुळे या तेलाला पहिला अर्धा तास गोठ्याचा आणि ओल्या कातड्याचा वास येतो, आणि दुपारपर्यंत तो निवून गोडसर होतो. पहिल्याच दिवशी शेजारच्या टेबलावरून ‘कसला वास येतोय?’ असे विचारले गेले. तेव्हा प्रश्न दोन आहेत : या तेलाला मराठीत काय म्हणावे, आणि जो धड सुगंधही नाही आणि दुर्गंध तर नाहीच, त्या वासाला कोणता शब्द द्यावा?

पोथीपान :
संपादकांचे चुकले असे मला वाटत नाही. मराठीत ऊद म्हणजे निखाऱ्यावर टाकायची राळ, आणि तो अर्थ घराघरांत रुजलेला आहे. आपल्याला हवा असलेला शब्द अगरू हा आहे. अमरकोशात त्याच्या नावांमध्ये ‘कृमिज’ असेही एक नाव येते, आणि ते मला फार अर्थपूर्ण वाटते. निरोगी झाडाचे लाकूड फिकट असते व त्याला विशेष वास नसतो. झाडाला जखम होऊन बुरशी शिरली की झाड स्वतःला वाचवण्यासाठी जी काळपट राळ तयार करते, तिच्यामुळेच ते लाकूड अगरू होते. इतका नेमका वारसा हाताशी असताना उसना शब्द कशासाठी?

इत्रगल्ली :
पोथीपान, उसना म्हणायचे तर ‘अत्तर’ हा शब्दही अरबी ‘इत्र’वरूनच आलेला आहे, आणि त्याला आपण कधी परका मानलेले नाही. अरबीत ‘ऊद’ म्हणजे मुळात लाकूड, आणि सुवासिक द्रव्यांत विशेषेकरून अगरूचेच लाकूड. मराठीने तो शब्द घेतला आणि सुमात्राकडून येणाऱ्या वेगळ्याच झाडाच्या राळेला चिकटवला. म्हणजे चाफेकळीताईंचा अर्थ नवा नसून मूळचाच आहे. मुंबईत मोहम्मद अली रोडवरच्या दुकानांत ऊद किंवा दहन-अल-ऊद (अरबीत ‘दहन’ म्हणजे तेल) मागितले की हीच कुपी समोर येते. मात्र याला अत्तर म्हणू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कन्नौजच्या जुन्या पद्धतीत देगेतली, म्हणजे तांब्याच्या हंड्यातली, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यातल्या, म्हणजे ती थंड करून जमवणाऱ्या भांड्यातल्या, चंदनतेलात उतरवतात, त्याला अत्तर म्हणायचे. चंदनाचा आधार न घेता काढलेल्या निखळ तेलाला तेथे रूह म्हणतात.

माजघर :
नामापेक्षा क्रियापद महत्त्वाचे आहे. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातले की आजी शेगडीवर ऊद घालायची आणि त्या धुरावर बाळाचे जावळ सुकवायची. त्यामुळे ‘ऊद घालणे’ याचा अर्थ माझ्या कानाला एकच आहे. हल्ली मुली ‘परफ्यूम घालते’ म्हणतात, ती सरळ इंग्रजीची सावली आहे. आपण फुले माळतो, गंध लावतो, अत्तर लावतो. फवाऱ्याचे असेल तर ‘सेंट मारतो’ म्हणतो, आणि तेही मला मान्य आहे, कारण त्यात फवाऱ्याचा झटका आहे.

पोथीपान :
‘मारणे’ मान्य आणि ‘घालणे’ अमान्य, हा भेद कोणत्या नियमाने केला?

माजघर :
नियमाने नव्हे, कानाने केला. डोळ्यांत काजळ घालतात, अंगावर दागिने घालतात, हे मलाही ठाऊक आहे. पण वास कोणी अंगात घालत नाही.

खाडीकाठ :
दुसरा प्रश्न सगळ्यांनी मागे टाकला. ‘वास’ हा शब्द मुळात चांगला. सुवास आणि सुवासिक त्यातूनच आले. पण आज नुसते ‘वास येतोय’ म्हटले की ती तक्रार ठरते, आणि कौतुक करायचे तर आधी ‘छान’ जोडावे लागते. मी या तेलासाठी ‘दर्प’ सुचवीन. लसणीचा आणि घामाचा दर्प म्हणतात हे खरे, पण संस्कृतात दर्प म्हणजे गर्व, आणि जो वास खोलीत आपल्या आधी शिरतो त्याला हे नाव शोभते. आमचे वडील केवड्याच्या बनाजवळून जाताना ‘काय दर्प आहे!’ असे कौतुकाने म्हणत. शिवाय आमच्याकडच्या उदमांजरालाही हे नाव त्याच्या अंगच्या उग्र वासावरूनच पडले आहे, म्हणजे ऊद आणि दर्प यांचे नाते जुनेच आहे.

पोथीपान :
उदमांजराचा त्या उदाशी काही संबंध नाही. संस्कृतात ‘उद्र’ म्हणजे पाणमांजर. मराठीतले ‘उद’ तिकडून आलेले आहे.

खाडीकाठ :
पाणमांजर पाण्यात राहते, उदमांजर आमच्या माडावर आणि माळ्यावर. पाण्यातल्या प्राण्याचे नाव माळ्यावर कसे चढले, ते आधी सांगावे.

चाफेकळी :
लेख शुक्रवारी छपाईला जातो. तूर्त ‘उदाचे तेल लावते’ असे कळवले आहे; ‘दर्प’बद्दल माझे मन अजून होत नाही.

इत्रगल्ली :
‘तेल’ म्हटले की वाचक ते डोक्याला लावतील. ‘रूह’ लिहा.

पोथीपान :
खाडीकाठ, प्राकृतात ‘उद्र’चे ‘उद्द’ होते. वास येणारे आणि मांजरासारखे दिसणारे दोन्ही प्राणी लोकांनी एकाच नावाखाली घेतले असावेत, असा माझा तर्क आहे.