क्राफ्टनी अपील सोडलं तो दिवस: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, १९ मे २०१५ची आठवण काढली की मला आजही त्रास होतो. आपल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे मालक रॉबर्ट क्राफ्ट सॅन फ्रान्सिस्कोत म्हणाले, लीगची (एनएफएलची) शिक्षा मान्य, अपील करणार नाही. दहा लाख डॉलर दंड, शिवाय २०१६च्या ड्राफ्टमधली (संघ नवे खेळाडू निवडतात ती प्रक्रिया) पहिल्या फेरीची निवड गेली. चेंडूतली हवा काढल्याच्या आरोपावरून आपला क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडीला चार सामन्यांची बंदी, आणि लढायला तो एकटा उरला. जानेवारीत हेच क्राफ्ट म्हणत होते, आरोप सिद्ध झाला नाही तर लीगने आमची माफी मागावी. तुम्ही तेव्हा कुठे होता? काय वाटलं?

*

वूस्टरहून लिहितोय. मेकॅनिकल इंजिनियर आहे. त्या रात्री जेवण झाकून ठेवलं आणि कागद घेऊन बसलो. चेंडूत किमान १२.५ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाब हवा. २१ अंशांच्या खोलीत भरलेला चेंडू १० अंशांच्या मैदानात नेला की साधारण एक पीएसआय आपोआप उतरतो. हे आपण अकरावीत शिकलोय! लीगच्या चौकशीचा २४३ पानांचा अहवाल वाचला. निष्कर्ष काय, तर घडलं नसण्यापेक्षा घडलं असण्याची शक्यता जास्त. एवढ्यावर शिक्षा? आणि ज्यांच्या दिमतीला वकिलांची फौज, त्यांनीच मान तुकवली.

*

मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. ब्रेडीची १२ नंबरची जर्सी घालून झोपायचा. "बाबा, शिक्षा घेतली म्हणजे त्यांनी खरंच चीटिंग केलं ना?" मला उत्तर देता आलं नाही. क्राफ्टवरचा माझा राग तो एवढाच आहे.

*

मला तेव्हा क्राफ्ट पटले होते. आपण नमतं घेतलं तर ब्रेडी सुटेल, असा त्यांचा हिशेब. २८ जुलैला ब्रेडीच्या अपिलानंतरही लीगने बंदी कायम ठेवली. दुसऱ्या दिवशी त्यांनी चाहत्यांची माफी मागितली, लीगवर विश्वास ठेवला हे चुकलं म्हणाले. रेडिओवर ऐकलं आणि गाडी कडेला घेतली. माणूस मनापासून बोलत होता, पण दोन महिने उशिरा.

*

२ ऑक्टोबर २०१६, फॉक्सबरो, आपलं घरचं मैदान. कोर्टकचेऱ्या होऊन शेवटी लागू झालेल्या ब्रेडीच्या बंदीचा चौथा सामना. बफेलोकडून १६-० हरलो. आम्ही दोघं शेवटपर्यंत बसून होतो.

*

मी पुण्यात. ६ फेब्रुवारी २०१७च्या पहाटेपासून सुपर बोलसाठी (लीगचा अंतिम सामना) टीव्हीसमोर. २८-३ने मागे पडून ३४-२८ जिंकलो! बंदी कायम ठेवणारे लीगचे कमिशनर गुडेल चषक द्यायला आले तेव्हा स्टेडियमभर हुर्यो उडाली, मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. मग क्राफ्ट बोलायला लागले, आणि मला पुन्हा तो मे महिना आठवला.