कोलेस्टेरॉलचं नवं टार्गेट कार्डावर कसं लिहायचं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या हेल्थ सेंटरमध्ये नर्स आहे. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असलेले 140 कामगार माझ्या रजिस्टरवर आहेत. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. फोन करणं, रिपोर्ट गोळा करणं, गोळ्या घेताय ना हे विचारणं माझ्याकडे.

गेल्या महिन्यात एक फिटर आले. दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसलाय. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 84. लॅबच्या कागदावर '100 पेक्षा कमी' छापलेलं, म्हणून कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी स्वतःच बंद केलेली. मी समजावायला लागले, तर त्यांनी कार्ड पुढे केलं. "सिस्टर, 'नॉर्मल'चा शिक्का तर तुम्हीच मारलाय." जांभळ्या शाईतला, खाली माझी सही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अटॅक येऊन गेलेल्यांचं एलडीएल 55 च्या खाली हवं, डायबेटिस किंवा बीपीवाल्यांचं 70 च्या खाली, धोका कमी असेल तर 100 च्या खाली. आमच्या कार्डावर मात्र सगळ्यांना एकच आकडा. शिक्का मी कपाटात ठेवून दिलाय. डॉक्टर आता प्रत्येकाचं टार्गेट स्वतः लिहून देणार आहेत.

अडचण पुढेच आहे. गोळी सुरू केली किंवा डोस बदलला की 4 ते 12 आठवड्यांत पुन्हा लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्त तपासणी) करायचं, आणि आमचा कॅम्प वर्षातून एकदाच. पहिल्या तपासणीला उपाशीपोटी यायची सक्ती नाही, हे नाइट शिफ्टवाल्यांसाठी फार बरं झालं. पण दुसऱ्यांदा रक्त द्यायला कोणी फिरकत नाही. शिवाय स्टॅटिनने भागलं नाही म्हणून डॉक्टरांनी एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलचीच दुसरी गोळी जोडली, तर "एकाच्या दोन झाल्या, म्हणजे आजार वाढला" म्हणून घरी रडारड. एका ताईंनी तर दोन्ही गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

तुमच्याकडे असे कार्यक्रम कोणी चालवतं का? दुसऱ्या तपासणीला माणसं कशी आणता? पगाराच्या दिवशी बोलावलं तर येतील का? दुसरी गोळी कशासाठी, हे दोन वाक्यांत कसं सांगता?

फिटरभाऊंची गोळी पुन्हा सुरू झाली आहे, सहा आठवड्यांनंतरची तारीख मी त्यांच्या कार्डावर लिहून दिली. दिवाळीआधी नवीन कार्डं छापायला टाकायची आहेत. कुणाकडे मराठीतला नमुना असेल तर कृपया फोटो टाका, पेशंटचं नाव झाकून.