शब्द नवा नाही, आणि मुद्दा तर घरचाच

'बलात्कार संस्कृती' हा ट्विटरवाल्यांनी काढलेला शब्द आहे, असं कुणीकुणी म्हणतं. तसं नाही. सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीवादी गटांनी तो रूढ केला, आणि १९७५ साली त्याच नावाचा माहितीपटही निघाला. 'संस्कृती' हा शब्द खटकतो, ते मान्य, मलाही खटकतो. पण इथे त्याचा अर्थ सण-संस्कार असा नाही. गुन्हा घडल्यावर आपसूक पहिला प्रश्न बाईलाच विचारायची जी सवय असते, ती.

आणि ही सवय बघायला अमेरिकेत जायची गरज नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात (तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आता गडचिरोली) एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांना सोडताना तिला शरीरसंबंधांची 'सवय' असल्याचं म्हटलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघांना शिक्षा दिली, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक कारण काय, तर तिच्या अंगावर जखमा नव्हत्या! त्यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, आंदोलन पेटलं आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला.

आपल्या बातम्यांतला 'अतिप्रसंग' हा शब्दही जरा उलगडून बघा. 'अति' झालं म्हणून तक्रार. म्हणजे थोडक्यात आटोपलं असतं तर चाललं असतं का? 'अब्रू लुटली'मध्ये तर लुटलं जातं तिचं, आणि तोंड लपवायचं तेही तिनेच.