मागच्या अंगणात साधासा पॅटिओ करायचाय, पैसे नेमके कुठे घालावेत?

प्रश्न

नमस्कार मंडळी, घरामागे साधारण ५ बाय ४ मीटर मोकळी जागा आहे, सध्या नुसती माती आणि कडेला गवत. तिथे बसायला एक पॅटिओ करायचाय, चार खुर्च्या, एक गोल टेबल आणि भोवती झाडं, एवढंच मनात आहे. बजेट बेताचं आहे, सगळं एकदम होणार नाही हे धरूनच चाललेय. महिनाभर फोटो बघतेय आणि जितके बघतेय तितका गोंधळ वाढतोय, कुणी म्हणतं दगडी फरशी, कुणी पेव्हर ब्लॉक, कुणी म्हणतं नुसती खडी पसरा. एका कोपऱ्यात जुनं झाड आहे आणि पाऊस झाला की त्याच्या अलीकडे पाणी साचतं. कशावर खर्च करू आणि कुठे हात आखडता घेऊ? घरच्या घरी काय काय जमू शकेल?

प्रतिसाद १

आधी काहीच विकत घेऊ नका. घरातल्याच खुर्च्या-टेबल बाहेर नेऊन ठेवा, भोवती दोरी टाका आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसा. ऊन कधी कुठून येतं, भिंतीची सावली कुठवर पोचते, वारा लागतो का, हे बसल्याशिवाय कळत नाही, आणि बऱ्याचदा दाराला लागून काढलेली जागा चुकीची ठरते, खरी छान जागा चार पावलं पुढे असते.

मापाचं म्हणाल तर १ मीटर व्यासाचं टेबल असेल तर चारी बाजूंना १-१ मीटर धरा, म्हणजे खुर्ची मागे सरकवून माणूस उठू शकतो आणि मागून दुसरा जाऊही शकतो. म्हणजे ३ बाय ३ मीटर. तुमच्या २० चौरस मीटरपैकी ९ चौरस मीटरच पक्कं करायचंय! खर्च तिथेच निम्म्यावर आला.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. माझं म्हणणं एकच, पैसे जमिनीखाली घाला. वरची फरशी पाच वर्षांनी बदलता येते, खालचा थर बदलायचा तर सगळं उखडावं लागतं. आमच्याकडे पहिल्या वेळी महागडी फरशी आणली आणि ती मातीवर थोडी वाळू पसरून तशीच बसवली, दुसऱ्या पावसाळ्यानंतर मधे खड्डा, कडेच्या फरश्या तिरक्या, आणि सगळ्यात वाईट म्हणजे उतार घराकडे झालेला. सगळं काढून परत केलं तेव्हा हे शिकलो.

२० सेंटिमीटर खोदा (त्याआधी खालून पाण्याचा पाईप किंवा वायर गेलीय का ते बघून घ्या). खालची माती धुमसाने घट्ट ठोका. मग १० सेंटिमीटर खडी, बारीक चुऱ्यासकट, म्हणजे ती एकमेकांत घट्ट बसते, आणि ही एका दमात टाकू नका, ५-५ सेंटिमीटरच्या दोन थरांत, प्रत्येक थर किंचित ओला करून ठोकायचा. त्यावर ३ सेंटिमीटर जाड वाळू, पट्टीने सारखी केलेली, आणि त्यावर ६ सेंटिमीटरचे पेव्हर. ९ चौरस मीटरला खडी ०.९ घनमीटर होते, पण ठोकल्यावर दबते म्हणून पाव भाग जास्त मागवा. कडेला ब्लॉक धरून ठेवणारी पक्की ओळ हवीच, नाहीतर सगळे हळूहळू बाहेर सरकतात आणि फटी उघडतात.

उतार घरापासून लांब, दर मीटरला दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे ३ मीटरवर साधारण ५ ते ६. खुंट्या रोवून दोरी बांधा, पाणसळीने बघा. आणि वरची पातळी भिंतीत ओल अडवणारा जो थर असतो त्याच्या निदान १५ सेंटिमीटर खाली राहू द्या, हे विसरलात तर ओल आत येते.

प्रश्नकर्ती

बापरे, केवढं नीट सांगितलंत, खूप आभार! एक शंका, ५-६ सेंटिमीटर उतार दिला तर टेबल डुगडुगणार नाही का?

प्रतिसाद २

नाही डुगडुगत. टेबल डगमगतं ते फरश्या खालीवर असल्या तर. सगळा पृष्ठभाग एकाच दिशेने सपाट उतरत असेल तर चारही पाय टेकतात, आणि एवढा उतार बसल्यावर जाणवतही नाही.

प्रतिसाद ३

झाडाजवळ अजिबात खोदू नका प्लीज! पाणी घेणारी बारीक मुळं वरच्याच थरात असतात, ती तुटली की परिणाम लगेच दिसत नाही, पुढच्या एक-दोन वर्षांत फांद्या वाळायला लागतात आणि तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही. तो साचणारा भाग मातीने भरून उंच करण्याचा मोहही टाळा, मुळं घुसमटतात आणि बुंध्याशी माती चढली तर साल कुजते. तिथे पाणी पाझरू देणारं कापड टाकून वर ५ सेंटिमीटर खडी, बुंध्यापासून हातभर लांब ठेवून. खडी टोकदार घ्या, १० ते २० मिलिमीटरची, गोल गोटे पायाखाली निसटतात आणि खुर्ची रुतते. पाऊस तिथेच जिरेल, फक्त पॅटिओचा उतार मात्र झाडाकडे न देता कडेच्या वाफ्याकडे द्या, म्हणजे त्या कोपऱ्यावर जास्तीचं पाणी येणार नाही. कापडामुळे तण कायमचं जात नाही हेही सांगून ठेवते, वाऱ्याने वरून बी पडतंच, पण मुळं खोल जात नसल्याने चिमटीत उपटून येतं.

प्रतिसाद ४

दिसण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितोय. दोनच मटेरियल ठेवा, पेव्हर एक आणि खडी एक, आणि खडीचा रंग घराच्या भिंतीशी किंवा पेव्हरशी जुळता. फोटोतल्या सुंदर जागा नीट बघा, त्यात वस्तू फार कमी असतात. पेव्हर सरळ ओळीत लावले तर कापाकापी कमी, तिरकस डिझाइनला कडेला बरेच तुकडे वाया जातात. कुंड्या दहा लहान घेण्यापेक्षा तीन मोठ्या घ्या, त्यात माती जास्त मावते म्हणून लवकर सुकतही नाहीत. वासाचं झाड बसायच्या जागेजवळ आणि उंच झाड जिथून बाहेरची नजर येते तिथे. दिवे खाली, गुडघ्याच्या उंचीवर, पिवळसर उजेडाचे, साधारण २७०० केल्विन. आणि दिव्याची वायर पुढे कधी टाकायची असेल तर खडी टाकायच्या आधी एक रिकामा पाईप आडवा घालून ठेवा, आत्ता खर्च अगदी थोडा आहे आणि नंतर काही उखडावं लागत नाही.

प्रश्नकर्ती

आज दोरी टाकून बसले. दाराजवळ दुपारनंतर भिंतीची झळ येते, दीड मीटर पुढे गेलं की झाडाची सावली मिळते आणि तिथे बुंधाही बराच लांब राहतोय. चौकोन आखून दोन्ही कर्ण मोजले, ४ मीटर २४ सेंटिमीटर, दोन्ही सारखे आले! या वर्षी खोदाई, खडी आणि पेव्हर एवढंच करतेय, कुंड्या आणि दिवे पुढच्या वर्षी. रिकामा पाईप मात्र आत्ताच टाकतेय.